लायका एम६ साठी वेगवान वाइड लेन्स: ३५ की २८? आणि एफ १.४ खरंच लागतं का?

ओसरी

नमस्कार मंडळी. गरज नेमकी लिहिते, म्हणजे उत्तरंही नेमकी येतील.

बॉडी: लायका एम६ (फिल्मचा रेंजफाइंडर: लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायचं आणि दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा), ०.७२ पट मॅग्निफिकेशनचा व्ह्यूफाइंडर. हाताशी ५० मिमीची एफ २ लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). चष्मा वजा ३.
काम: कीर्तन, भजनी मंडळ, नाटकाच्या तालमी, जुन्या वाड्यांच्या माजघरातली माणसं. उजेड एक-दोन ट्यूबलाइटचा, कधी नुसत्या बल्बचा. फिल्म ४०० ची कृष्णधवल. फ्लॅश नाही.
घ्यायचीय ती एकच लेन्स. सध्याची यादी: फोइग्टलँडर नोक्टन ३५ एफ १.४, नोक्टन ३५ एफ १.२, झाइस डिस्टागॉन ३५ एफ १.४, अल्ट्रॉन २८ एफ २. लायकाची महागडी समिलक्स यादीत नाही, कारण सांगायला नको.

प्रश्न तीन. ३५ की २८? एफ २ वर भागेल का? आणि एफ १.४ ला रेंजफाइंडरचा फोकस खरंच जमतो का, की निम्मं रीळ वाया जातं?

---

रिळवाला

लेन्सचं नंतर, आधी उजेड मोजू.

साध्या खोलीत एक ट्यूब असेल तर १०० आयएसओला (फिल्मचा वेग) साधारण ईव्ही ५ (उजेडाचं माप) मिळतं. ४०० च्या फिल्मवर त्याचा हिशोब असा: एफ २.८ ला १/१५ सेकंद, एफ २ ला १/३०, एफ १.४ ला १/६०. एफ १.२ घेतलंत तर आणखी जेमतेम अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

आता विषय बघा. बसून ऐकणारा श्रोता १/१५ लाही स्थिर येतो. एम६ मध्ये आरसा उडत नाही, त्यामुळे ३५ मिमी हातात धरून १/१५ निघतं, भिंतीला टेकलात तर १/८ सुद्धा. पण बुवांचा हात आणि टाळ १/३० ला पुसट होणारच. ते कधी छानही दिसतं, पण चेहरा तरी शार्प हवा, आणि बोलत्या चेहऱ्याला १/६० हवं. म्हणजे न ढकललेल्या (ढकलणं म्हणजे फिल्म जास्त वेगाची समजून वापरणं आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवणं) ४०० च्या फिल्मवर तुमच्या कामाला एफ १.४ ची खरोखर गरज आहे, हौस म्हणून नाही.

दुसरी वाट फिल्म ढकलायची. एचपी५ प्लस (४०० ची फिल्म) १६०० ला वापरा आणि आयडी-११ डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंशांना १४ मिनिटं. मग त्याच खोलीत एफ २ ला १/१२५ मिळतं. किंमत सावल्यांत मोजायची: काळा कोट, कोनाडा, कडीपाट सगळं एकाच काळ्यात जातं. वाड्याचं माजघर दाखवायचं असेल तर हा तोटा मोठा आहे. (एप्रिलात नळाचं पाणी २८-३० अंशांवर असतं, बर्फाचं तसराळं आधी तयार ठेवा.)

---

मिठाचा खडा

रिळवाल्यांचा हिशोब बरोबर, निष्कर्ष पटला नाही. २८ एफ २ घ्या.

कारण फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे किती अंतर शार्प येतं ते. फिल्मसाठी नेहमीचं ०.०३ मिमीचं वर्तुळ (एवढा धूसरपणा डोळ्याला शार्पच वाटतो) धरून २ मीटरवर:
३५ एफ १.४ ला सुमारे २७ सेंमी
३५ एफ २ ला सुमारे ३८ सेंमी
२८ एफ २ ला सुमारे ६० सेंमी

कीर्तनात बुवा एका जागी उभे राहत नाहीत, पुढे-मागे झुलतात. २७ सेंमीत एक झोका मावतो, दोन नाही. ६० सेंमीत बुवा आणि मागचा मृदंगवाला जवळजवळ दोघं येतात. वेगवान लेन्स घ्यायची आणि फोकस हुकतो म्हणून एफ २.८ वर चालवायची, असा प्रकार सगळीकडे दिसतो.

---

काटकोन

@मिठाचा खडा, २८ चा मुद्दा एरवी मान्य. पण ताईंनी 'चष्मा' लिहिलंय ते वाचलंत का?

एम६ च्या ०.७२ फाइंडरमध्ये फ्रेमलाइन (लेन्सला काय दिसेल ते दाखवणाऱ्या चौकटी) जोडीने येतात: २८ सोबत ९०, ३५ सोबत १३५, ५० सोबत ७५. यातली २८ ची चौकट फाइंडरच्या अगदी काठाला चिकटलेली. चष्मा असेल तर डोळा मागे राहतो आणि चारही कडा एकदम दिसत नाहीत. डावीकडे बघितलं की उजवी जाते. ३५ ची चौकट चष्म्यातून दिसते, तीही डोळा नीट टेकवलात तर.

उपाय आहेत, पण प्रत्येकाला शेपूट आहे.

आयपीसवर नंबराची काच बसवता येते, लायकाच्या वजा ३ पर्यंत मिळतात. सिलिंडर नंबर असेल तर तो त्यात जात नाही. शिवाय चष्मा कपाळावर चढवल्यावर फाइंडरबाहेरचं जग धूसर.

शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) लावायचा वेगळा २८ चा फाइंडर. दिसतं झकास. पण फोकस एका भोकातून, चौकट दुसऱ्या भोकातून. वास्तूला चालतं, झुलत्या बुवांना नाही.

०.५८ ची बॉडी. एम६ टीटीएल मध्ये होती. किंवा फोइग्टलँडरची बेसा आर४, फाइंडर ०.५२, त्यात २१ पासून ५० पर्यंतच्या चौकटी आतच आहेत. पण लेन्सच्या धाग्यात बॉडी विकत घ्यायला लावणं हे काही बरं नाही.

तर चष्मा + ०.७२ = ३५. माझ्या मते पहिला प्रश्न इथेच संपला.

---

मिठाचा खडा

चष्म्याचं नजरेतून सुटलं, कबूल. पण 'कडा दिसत नाहीत म्हणून २८ बाद' हेही टोकाचं. अख्खा फाइंडर म्हणजेच २८ ची चौकट समजून चालवणारे भरपूर आहेत. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या गॅरी विनोग्रँडने लायका एम४ वर २८ चालवली, आणि एम४ मध्ये २८ ची चौकट मुळात नाहीच.

---

काटकोन

विनोग्रँड उन्हात, रस्त्यावर. इथे मंडपाचा खांब डोक्यातून उगवलाय का ते कडेलाच बघायचंय.

आता दुसरी अडचण, जी दुकानातल्या काउंटरवर लक्षात येत नाही: लेन्स फाइंडरच्या आड येते. उजवा खालचा कोपरा झाकला जातो आणि हूड लावला की आणखी. यादीतल्या डिस्टागॉनचं हेच दुखणं. वजन ३८१ ग्रॅम, फिल्टर ४९ मिमी, पुढचा घेर मोठा आणि लांबीही बरीच. नोक्टन १.२ ला फिल्टर ५२ मिमीचा. तिसरी आवृत्ती (२०२०) बरीच आखूड आणि ३३२ ग्रॅमवर आली, पण घेर आहेच. नोक्टन क्लासिक १.४ मात्र ४३ मिमी फिल्टरची, १९० ग्रॅमच्या आसपास. तिचं बोंडूक ३५ च्या चौकटीत जेमतेम डोकावतं.

पैसे मोजण्याआधी घरी करायचा प्रयोग: हव्या त्या लेन्सचा पुढचा व्यास आणि माउंटपासूनची लांबी निर्मात्याच्या पानावर मिळते. काळ्या कार्डपेपरची तेवढ्या व्यासाची नळी करा. ती तुमच्या ५० वर सरकवून तिचं तोंड माउंटपासून तेवढ्याच अंतरावर येईल अशी चिकटपट्टीने धरा. मग बॉडीच्या पुढच्या बाजूची चौकट निवडायची छोटी कळ ३५ कडे ढकलून बघा. किती झाकलं जातं ते दोन मिनिटांत कळतं. हूडसाठी आणखी एक नळी. कळ बहुतेक लोक विसरूनच जातात, तिचा खरा उपयोग हाच.

---

झेंडू

नळीची युक्ती भारी. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझा बाळबोध प्रश्न: वाइड लेन्सला फोकस चुकायची भीती कमी असते ना? मग एफ १.४ ला एवढं घाबरायचं कारण काय?

---

साडेतीन मीटर

@झेंडू, प्रश्न बाळबोध नाही. उत्तर दोन भागांत आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात.

भाग एक, रेंजफाइंडरची ताकद. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले फाइंडरचं मॅग्निफिकेशन म्हणजे परिणामी बेस. एम६ ला ६९.२५ × ०.७२, सुमारे ५० मिमी. आता लेन्सला किती लागतो? डोळ्याची क्षमता ०.०००३ रेडियन धरून फोकल लेंग्थच्या वर्गाला तिने गुणा. मग एफ नंबर आणि ०.०३ यांच्या गुणाकाराने भागा.

३५ एफ १.४: सुमारे ९ मिमी
५० एफ १.४: १८
७५ एफ १.४: ४०
१३५ एफ ४: ४६

म्हणजे १३५ एफ ४ ला एम६ चा जीव कंठाशी येतो, तर ३५ एफ १.४ त्याच्या करंगळीचं काम. वर्तुळ निम्मं करून कडक परीक्षा घेतली तरी १८ मिमीत भागतं. बेसा आर४ चा बेस १९ च्या आसपास, तोही पुरतो. 'एफ १.४ ला रेंजफाइंडर पुरा पडत नाही' हे ३५ च्या बाबतीत खोटं आहे.

भाग दोन, जिथे खरी गडबड होते. रेंजफाइंडर लेन्समधून बघत नाही. लेन्सच्या मागच्या कॅमवर (फोकससोबत पुढे-मागे होणाऱ्या कडीवर) बॉडीचा रोलर टेकलेला असतो, तो जे सांगेल ते खरं मानायचं. हा रोलर ५० च्या आसपासच्या लेन्सच्या चालीसाठी बनवलाय. अनंतापासून ०.७ मीटरपर्यंत येताना ३५ मिमी लेन्स जेमतेम २ मिमी पुढे सरकते. रोलरला मात्र तेवढ्याच अंतरासाठी साडेचार मिमीच्या आसपास चाल हवी. म्हणून वाइड लेन्समध्ये कॅम वेगळ्या चालीने फिरवावा लागतो: काच दोन मिमी, कॅम साडेचार. या दोन चालींचं गणित कारखान्यात नीट जुळलं नसेल तर एक मीटरला बरोबर आणि तीन मीटरला चूक असं होतं. एफ ४ ला ते खोलीत लपतं, १.४ ला उघडं पडतं.

थोडक्यात, फाइंडर पुरेसा आहे. संशय घ्यायचा तो त्या विशिष्ट नगावर.

---

निम्मा अंधार

साडेतीन मीटर यांच्या प्रतिसादाला जोडून 'फोकस शिफ्ट'. यादीतली निवड खरं तर यावर ठरते.

लेन्समध्ये गोलीय दोष थोडा शिल्लक ठेवलेला असेल तर कडेने आलेले किरण जवळ आणि मधले किरण किंचित लांब एकत्र येतात. एफ १.४ ला दोन्हींची सरासरी कुठेतरी मध्ये लागते आणि कॅम त्या जागेला जुळवलेला असतो. ॲपर्चर (लेन्सचं भोक) बंद करत नेलं की कडेचे किरण कापले जातात आणि फोकस मागे सरकतो. एसएलआर (लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) असता तर ॲपर्चर बंद करून फाइंडरमध्ये दिसलं असतं. रेंजफाइंडरला याची गंधवार्ता नाही, दोन प्रतिमा जुळल्या म्हणजे जुळल्या.

सगळ्यात वाईट जागा एफ २ ते एफ ४. एफ ५.६ नंतर खोली इतकी वाढते की शिफ्ट तिच्यात बुडून जातो. त्यामुळे खडेसाहेब म्हणतात ते 'एफ २.८ वर चालवणारे' नेमके खड्ड्यात पडतात: १.४ ला डोळे शार्प, २.८ ला कान.

आता एकेक लेन्स.

नोक्टन क्लासिक ३५ एफ १.४, पहिली आवृत्ती: शिफ्ट ठळक. स्वस्तात दिसली की लोक उडी मारतात. जपून.

दुसरी आवृत्ती (२०१९): शिफ्ट बराच आटोक्यात. राहिलेला दोष म्हणजे कडेच्या सरळ रेषा पोटफुग्या येणं. वाड्याचे खांब आणि दाराच्या चौकटी फ्रेमच्या काठाला ठेवल्यात की दिसणारच. एफ १.४ ला बल्बभोवती हलकी आभा असते आणि कोपरे मऊ. एससी म्हणजे एकेरी कोटिंग, एमसी म्हणजे बहुपदरी. चौकटीत उघडा बल्ब येणार असेल तर एमसी.

नोक्टन ३५ एफ १.२: २००३, २०११ आणि २०२० अशा तीन आवृत्त्या. पहिल्या दोन अर्धा किलोच्या घरातल्या. तिसरी ०.५ मीटरपर्यंत जाते, पण एम६ चा रेंजफाइंडर ०.७ ला थांबतो. पुढचा टप्पा फिल्मवाल्यांनी मोजपट्टी लावून वापरायचा.

डिस्टागॉन ३५ एफ १.४: यादीतली सगळ्यात निर्दोष. रेषा सरळ, १.४ ला कोपऱ्यापर्यंत तपशील, शिफ्टची चिंता जवळपास नाही. दोष एकच, आकार; तो काटकोन यांनी सांगितलाच.

अल्ट्रॉन २८ एफ २: या नावाच्या दोन लेन्स आहेत, गल्लत करू नका. २००८ च्या जुन्या लेन्सवर शिफ्टची तक्रार सर्रास असते. २०२१ ची अस्फेरिकल (पूर्ण गोलीय नसलेल्या काचेची) वेगळ्या बांधणीची आणि उत्तम.

समिलक्स यादीत नाही, तरी एक संदर्भ: १९९४ च्या अस्फेरिकल समिलक्स ३५ मध्येही शिफ्ट होता. डिजिटल बॉड्या आल्यावर तो सगळ्यांच्या डोळ्यावर आला आणि २०१० च्या आवृत्तीत मागचा काचांचा गट तरंगता केला. म्हणजे महाग म्हणून सुटका, असं नाही.

---

ओसरी

सगळ्यांना धन्यवाद, एवढं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. २८ चा नाद सोडला, चष्म्यामुळे.

एक शंका. दुहेरी प्रतिमेचा चौकोन मधोमध असतो. डोळ्यावर फोकस लावून मग चौकट सरकवायची. १.४ ला त्याने फरक पडतो का?

---

साडेतीन मीटर

पडतो, आणि 'लेन्स मागे फोकस करते' या तक्रारींपैकी कितीतरी मुळात याच असतात.

फोकस ज्या प्रतलात लागतो ते फिल्मला समांतर असतं, तुमच्याभोवती गोल नाही. २ मीटरवरच्या डोळ्यावर फोकस लावला आणि कॅमेरा २० अंश वळवला, की डोळा त्या प्रतलाच्या १२ सेंमी पुढे येतो. ३५ एफ १.४ ची एकूण खोली तिथे २७ सेंमी, म्हणजे पुढच्या बाजूला १२-१३ च. काठावर पास. १ मीटरवर तेच केलं तर चूक ६ सेंमी आणि खोली एकूण साडेसहा, म्हणजे पुढे तीन-सव्वातीन. नापास.

उपाय साधा: चौकट वळवल्यावर डोकं चूक होईल तेवढं मागे घ्या. दोन मीटरला वीतभरापेक्षा कमी, एक मीटरला चार बोटं. दोन-तीन रिळांत अंगात मुरतं. किंवा चेहरा मध्याजवळ ठेवून रचना करा आणि प्रिंट करताना कापा.

काही लेन्सचं फोकसचं प्रतल कडेला कॅमेऱ्याकडे वळलेलं असतं, तिथे ही चूक आपोआप थोडी भरून निघते. डिस्टागॉनसारख्या सपाट प्रतलाच्या लेन्सला ती सवलत नाही. गुण कधी असे अंगाशी येतात.

---

रिळवाला

नवी असो की जुनी, लेन्स आली की पहिलं रीळ परीक्षेला द्या. ३६ फ्रेममध्ये सगळं बसतं.

कॅमेरा ट्रायपॉडवर. टेबलावर ४५ अंशांत तिरकी ठेवलेली पोलादी पट्टी आणि तिच्या शून्यावर उभं कार्ड, त्यावर जाड काळी उभी रेघ. फोकस त्या रेघेवर. आडव्या रेघेवर रेंजफाइंडर जुळत नाही, कारण प्रतिमा आडव्या सरकतात.

अंतरं तीन: १, २ आणि ५ मीटर. प्रत्येकाला एफ १.४, २, २.८, ४. प्रत्येकाचे दोन फोटो: एकदा अनंताच्या बाजूने येत फोकस जुळवून, एकदा जवळच्या बाजूने. हेलिकॉइडमध्ये (फोकस फिरवायच्या आट्यांत) ढिलाई असेल तर या दोघांत फरक दिसेल. झाले २४. उरलेल्या १२ मध्ये लांबचा मोबाइल टॉवर किंवा मंदिराचा कळस, किमान किलोमीटरभर दूर, रिंग अनंताला टेकवून. प्रत्येक फ्रेमचा क्रमांक वहीत. 'लक्षात राहील' म्हणालात की गेलं.

पाच मीटरला पट्टी पुरत नाही, तिथे फरशीच्या सांध्यांवर खडूने खुणा करा. आणि पट्टीवर जे अंतर दिसेल ते खोलीचं अंतर नाही. ४५ अंशांत पट्टीवरचे ९ सेंमी म्हणजे खोलीतले साडेसहाच्या आसपास.

नेगेटिव्ह १० पट लूपखाली (भिंगाखाली) बघायचं. स्कॅनरवर विसंबू नका, फिल्म वाकली की स्कॅनरचाच फोकस जातो.

वाचायचं असं. १.४ ला बरोबर आणि २.८ ला मागे: शिफ्ट, लेन्सचा स्वभाव. सगळ्या ॲपर्चरना एकाच बाजूला चूक: जुळवणीचा प्रश्न. मग तुमच्या ५० एफ २ ने १ मीटरची तीच परीक्षा घ्या. ५० सुद्धा चुकली तर बॉडी, ५० बरोबर असेल तर नवी लेन्स. अनंताला दोन प्रतिमा जुळतात पण एकमेकींच्या वर-खाली दिसतात? ती उभी जुळवणी. फोकस त्याने चुकत नाही, पण डोळा दमतो.

रीळ न घालवताही काम होतं. मागची झडप उघडा, फिल्म जिथून जाते त्या रुळांवर धुरकट सेलोटेप ताणून चिकटवा, शटर बी वर उघडं ठेवा आणि लूपने बघा. टेप सैल पडली तर निकाल खोटा. शटरच्या कापडी पडद्याला नख लागू देऊ नका.

बॉडीतल्या रोलरवरचा स्क्रू दिसतो म्हणून फिरवू नका. तो एक्सेंट्रिक (मध्य एका बाजूला सरकलेला) आहे. अनंत जुळवायला जाल आणि बाकीची सगळी अंतरं बिघडवून बसाल.

---

झेंडू

माझ्याकडे डिजिटल एम (२४०) आहे. यातलं सगळं तसंच लागू?

---

निम्मा अंधार

थोडं सोपं, थोडं अवघड.

सोपं म्हणजे लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचं चित्र पडद्यावर) आहे, त्यामुळे शिफ्ट समोर दिसतो आणि ०.७ च्या आतही जाता येतं. अवघड म्हणजे सेन्सर सपाट आणि पिक्सेल बारीक, फिल्मवर लपणारी चूक १०० टक्क्यांवर ओरडते.

कडेचा काळोख दोन्हीकडे असतोच. सममित बांधणीच्या लेन्सला निव्वळ भूमितीमुळे कोपऱ्यात ३५ ला सुमारे एक स्टॉप, २८ ला १.३, २१ ला दोन स्टॉप जातात. उघड्या ॲपर्चरचा काळोख त्यावर आणखी. मागची काच सेन्सरला खेटून असेल तर कोपऱ्यांत रंगाची झाक येते. झाइस सी-बिओगॉन २१ एफ ४.५ हे तिचं गाजलेलं उदाहरण. फिल्मवर तीच लेन्स अप्रतिम. आणि हीच लेन्स ॲडॅप्टरने सोनीवर लावायचा विचार असेल तर सोनीच्या सेन्सरपुढची काच जाड आहे, जुन्या वाइडचे कोपरे तिथे पाघळतात.

---

मिठाचा खडा

आणखी एक पर्याय कुणीच काढला नाही: जुन्या स्क्रू माउंटच्या लेन्स. कॅनन ३५ एफ १.८, एफ २, शिवाय एफ १.५ सुद्धा. छोट्या, फाइंडरच्या आड येत नाहीत.

---

साडेतीन मीटर

चांगला पर्याय, पण १.४-१.५ च्या वर्गात ॲडॅप्टर दगा देतो.

स्क्रू माउंटचं फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी, एम चं २७.८. म्हणून ॲडॅप्टर बरोब्बर १ मिमी जाड हवा. एफ १.४ ला फिल्मच्या पुढे-मागे ०.०४ मिमीची मुभा असते. स्वस्तातला ॲडॅप्टर ०.०५ ने जाड निघाला तर ५० च्या लेन्सला मधल्या अंतरांत काही जाणवत नाही, कारण काच आणि कॅम दोन्ही सारखेच पुढे गेले आणि रोलर त्या चालीसाठीच बनलाय. फक्त अनंत हरवतं. ३५ ला मात्र कॅमची चाल वेगळी असल्याने चुका एकमेकींना खात नाहीत, उरतात. व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी मोजूनच घ्या. आणि ॲडॅप्टर ३५/१३५ चौकटीचा मागा, नाहीतर फाइंडरमध्ये ५० उगवेल.

---

काटकोन

जुनी लेन्स घेताना बॅटरी सोबत न्या. मुंबईत फोर्टात बोरा बाजारात हातात घेऊन बघता येते, ऑनलाइनवाल्याकडे पुढून-मागून बॅटरी मारलेले फोटो मागा. ॲपर्चर पूर्ण उघडं, बॅटरी तिरकी, काचेमागे काळं कापड. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ॲपर्चरच्या पात्यांलगतच्या काचांवर दुधी थर म्हणजे ग्रीसची वाफ. तो वेळीच पुसला तर जातो, मुरला तर काच खाल्लेली असते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात कातडी केसमध्ये लेन्स ठेवू नये. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. कोकणात आणि गोव्यात तर जून ते सप्टेंबर जेल दर आठवड्याला तव्यावर भाजून घ्यावी लागते.

---

ओसरी

नळीचा प्रयोग केला. डिस्टागॉनच्या मापाच्या नळीने हूडशिवायच कोपरा इतका जातो की पेटीवाला दिसणार नाही. नोक्टन क्लासिकच्या मापाने जेमतेम टोक दिसतं. तर दुसरी आवृत्ती, एमसी. पोटफुगे खांब मध्याकडे ठेवीन.

शेवटचे दोन प्रश्न. हूड घ्यावा का? आणि दिवसा बाहेर एफ १.४ वापरायचं झालं तर?

---

रिळवाला

हूड घ्या, खाचा असलेला. खाचांतून फाइंडरला पलीकडचं दिसतं. मंडपातले हॅलोजन कडेने येतात तेव्हा त्याचे पैसे वसूल होतात.

दिवसाचं गणित: ४०० ची फिल्म, कडक ऊन, १/१००० ला एफ ११. एम६ त्यापुढे जात नाही. १.४ पर्यंत यायला सहा स्टॉप काढायचे, म्हणजे एनडी ६४ (उजेड ६४ पट कमी करणारा राखी फिल्टर), ४३ मिमीचा. एसएलआरवर तो लावला की फाइंडरमध्ये अमावस्या होते, इथे काहीच फरक पडत नाही. फक्त सावलीत शिरल्यावर तो काढायला विसरू नका, फाइंडर तुम्हाला आठवण करून देणार नाही. झाकणाचंही तेच. मीटरचा बाण कुठल्याही आकड्याला हलेना, की आधी लेन्सच्या तोंडाला हात लावून बघायचं.

---

मिठाचा खडा

पहिल्या रिळाच्या वहीचं पान इथे टाका. २.८ ला डोळे आले की कान, ते बघायचंय.